बळवंतअण्णा जॉबर आणि बाजारात राहिलेल्या अक्काताई

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. मृदंगवाले, हात आवरा. अभंग झाला, नाम झालं, आता मला एक प्रश्न विचारायचाय. उत्तराची घाई करू नका!

आपल्या माणसाचं उणं झाकणं — ही माया, की वैर?

बघा, लगेच माना हलल्या! 'माया, महाराज, माया!' त्या खांबापाशी बसलेल्या मावशी तर आत्ताच शेजारणीला म्हणाल्या, घरातलं घरात राहावं. ऐकलं हं मी! अहो मावशी, लाजू नका. मीसुद्धा हेच सांगत आलो. वीस वर्षं, याच टोपीत, याच उपरण्यात, गावोगाव सांगत आलो — झाकावं, पोटात घालावं! आणि मग एका सप्ताहात माझा मुक्काम एका घरी पडला, त्या घरच्या बाईनं मला जेवायला वाढता वाढता जे सांगितलं, त्यानं माझं सगळं बोलणं उलटं केलं. तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. म्हणून आज पुराण बाजूला. आज त्या बाईचं आख्यान!

नाव सांगू? सांगतो. अक्काताई खारगे. बाईच म्हणाल्या, 'म्हाराज, नावासकट सांगा. नाव झाकलंसा तर पुन्हा तीच चूक!'

ऐका तर. इचलकरंजीच्या अलीकडं एक यंत्रमागाचं गाव. गल्लीगल्लीत पत्र्याच्या शेडी, शेडीत माग, आणि दिवसरात्र आवाज — खटाक-खटाक, खटाक-खटाक! त्या गावात बळवंतअण्णा खारगे हे जॉबर. जॉबर म्हणजे कोण? मागाचा डॉक्टर! माग बिघडला की बोलवा जॉबरला. आणि अण्णांची ख्याती काय सांगू — शेडीच्या दारात उभे राहायचे, आत चोवीस माग धडधडतायत, आणि अण्णा बोट दाखवायचे, 'तिसऱ्या रांगंतला दुसरा. धोटा अडकतोय.' धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडं पळतो तो. आणि ओळखायचं नुसत्या आवाजावरून! मालक लोक म्हणायचे, बळवंताचा कान म्हणजे कान!

पस्तीस वर्षं तो कान त्या आवाजात राहिला. कानात बोळा नाही, काही नाही. काय झालं असेल?

अहो, गेला की तो कान!

साऊंडवाले, तुम्ही हसताय, आधी तो कर्णा कमी करा! मंडपात दोनशे माणसं, आणि आवाज दोन हजारांचा! माझं कीर्तन पलीकडच्या गावाला नकोय मला. इथं पुढं बसलेल्यांचे कान राहू देत. हां... आता बरं.

अण्णा साठाव्या वर्षी घरी बसले. बायको ह्याच अक्काताई. मुलगा महादेव, तो एका कारखान्यात. सून शोभा. सगळं व्यवस्थित! संध्याकाळी अण्णा चावडीच्या कट्ट्यावर जायचे, जुन्या जॉबर मंडळींत. पण बोललेलं अर्धंच कळायचं. चारचौघं हसले की अण्णा हसायचे. एक दिवस काय झालं — एकजण आपल्या भावाच्या दहाव्याचं सांगत होता. डोळ्यांत पाणी. आणि अण्णांना वाटलं, विनोद चाललाय. हसले! खळखळून हसले!

तो माणूस उठून गेला.

घरी आल्यावर अण्णांना कुणीतरी खुणेनं सांगितलं काय झालं ते. दुसऱ्या दिवसापासून अण्णा कट्ट्यावर गेले नाहीत. 'पाय दुखतोय' म्हणाले. मंडळी, दुखत होतं ते पाय नव्हे! मग भजन सुटलं — झांज मागं पडायला लागली, पेटीवाला वळून बघायला लागला. 'घसा बसलाय' म्हणाले. राहिलं काय? खुर्ची, टीव्ही आणि तंबाखूची पिशवी. टीव्ही एवढा मोठा की समोरच्या घरात बातम्या कळायच्या! डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली होती, तीही सोडली. का? 'डोकं दुखत न्हाई तर गोळी कशाला?'

इथं किती जणांनी सोडलीय हो? हात वर करू नका, मी चेहरे बघतोय!

आणि मग, मंडळी, विसर लागायला लागला.

आधी चष्मा. चष्मा कोण विसरत नाही? मग आंघोळ झाली की नाही ते. मग शेजारच्या तात्यांचं नाव. मग एकदा चपला घालून अण्णा दारात अर्धा तास उभे — कुठं निघालो होतो, आठवेना. आणि हे सगळं कुणी पाहिलं? अक्काताईंनी. आणि काय केलं? झाकलं! पाहुणा आला की त्या आधीच मोठ्यानं म्हणायच्या, 'अवो, शिरोळचा दिगंबर आलाय बगा!' म्हणजे अण्णांना नाव मिळालं. अण्णांनी तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारली की त्या तिसऱ्यांदा सांगायच्या, हळू, सुनेला कळू नये म्हणून. मुलानं विचारलं, 'आई, अण्णा बरे हाईत न्हवं?' तर म्हणायच्या, 'त्यांना काय झालंय? कान जरा जड हाय.'

एक वर्ष. दोन वर्षं. तीन वर्षं! स्वतःला साखरेचा त्रास, पण माहेरी जाणं बंद, हळदीकुंकू बंद, घराबाहेर पाऊल बंद. का? मी गेले तर हे काहीतरी बोलून बसतील. बाई घरात राखणीला बसली! नवऱ्याच्या अब्रूच्या राखणीला.

आता सांगा, माया की वैर? थांबा, थांबा. पुढं ऐका.

एप्रिल महिना. शुक्रवार, आठवड्याचा बाजार. वर्षाच्या चटणीला मिरच्या घ्यायच्या. अक्काताई अण्णांना बरोबर घेऊन गेल्या — घरी एकटं सोडवत नव्हतं. मिरच्या घेतल्या, धणे घेतले, पिशवी जड झाली. अकरा वाजले. ऊन असं की डांबर चिकटतंय. अण्णा म्हणाले, 'तू हितं पोस्टाच्या पायरीवर बस. मी रिक्षा आणतो.'

अक्काताईंना त्यांना एकटं सोडायचं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? लोक बघतायत! नवरा रिक्षा आणतो म्हणतोय, आणि बायकोनं म्हणायचं, तुम्हाला जमणार नाही? बसल्या.

अण्णांनी रिक्षा पाहिली. हात केला. रिक्षा थांबली. आणि अण्णा रिक्षात बसून... घरी आले!

हो! सरळ घरी! हातपाय धुतले, पाटावर बसले.

शोभानं ताट वाढता वाढता विचारलं, 'अण्णा, आई कुठायत?'

अण्णांनी घास घेतला. म्हणाले, 'गेली भावाकडं. शिरोळला.'

मंडळी, हे खोटं नव्हे हं! नीट समजून घ्या. मेंदूत जिथं आठवण असायला हवी तिथं भोक पडलेलं, आणि मेंदूनं त्या भोकाला ठिगळ लावलं. अण्णांना ते खरंच वाटत होतं! आणि शोभानं विश्वास ठेवला. का ठेवू नये? तीन वर्षं सासूनं घरात भासवलं होतं की अण्णा एकदम ठणठणीत!

आणि तिकडं? पोस्टाच्या पायरीवर?

बारा वाजले. एक वाजला. सावली सरकली, तशा अक्काताई पायरीवर सरकल्या. मोबाईल घरी, चार्जिंगला. पाण्याची बाटली संपली. साखरेचं माणूस, पोटात सकाळचा चहा आणि दोन घास. समोर एक बांगडीवाल्या हौसाबाई. त्या म्हणाल्या, 'ताई, घरला जावा की. ते गेलं असतील.'

अक्काताई काय म्हणाल्या असतील?

'न्हाई हो. मी हलले आणि ते परत आले तर? मी दिसले न्हाई की त्यांना काई कळायचं न्हाई. ते हुडकत बसतील.'

ऐकलंत? उन्हात बसलेली ही, आणि काळजी कुणाची? आणि हौसाबाईंना तरी खरं सांगावं! 'माझ्या नवऱ्याला विसर पडतो, कुणीतरी माझ्या मुलाला फोन लावा' — एवढंच वाक्य! हौसाबाईंच्या कमरेला मोबाईल होता! पण तीन वर्षं दाबलेलं वाक्य, ते तोंडातून येईना. घशाला कोरड पडली, डोळ्यांपुढं काजवे, हात थरथरायला लागले, आणि तरी बाई म्हणतेय, 'येतील, येतील.'

साडेतीनला शोभाला राहवेना. तिनं शिरोळला मामांना फोन लावला. 'आई पोचल्या का?' मामा म्हणाले, 'कोण आई? हितं कोण आलं न्हाई!'

झालं! शोभानं महादेवला बोलावलं. महादेव कारखान्यातून धावत आला. बापापुढं उभा राहून ओरडतोय, 'अण्णा, आई कुठं ऱ्हायली?' अण्णा म्हणतायत, 'आँ?' 'आई! आई कुठं सोडली?' 'पाणी? पाणी तापलंय की!' हसू नका हो... मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. पण त्या पोराची काय अवस्था झाली असेल!

मिरच्यांची पिशवी घरात नाही हे शोभाच्या लक्षात आलं. 'अवो, बाजार! दोघं बाजाराला गेले होते!' महादेवनं मोटारसायकल काढली. बाजार उठत आलेला. भाजीच्या रांगा पाहिल्या, देवळामागं पाहिलं, स्टँडवर पाहिलं. शेवटी पोस्टापाशी गर्दी दिसली. मध्ये हौसाबाई एका बाईच्या तोंडावर पाणी मारतायत. आणि ती बाई कोण हे सांगायला नको.

महादेवनं आईचं डोकं मांडीवर घेतलं. तिनं डोळे उघडले. साडेपाच तासांनी मुलगा भेटलाय! पहिला शब्द काय असावा?

'महादू... त्यांना बोलू नको. मीच म्हणाले, तुमी फुडं व्हा.'

बघा! शुद्ध पुरती आलेली नाही, पण झाकायला आली!

सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लावलं. तिथल्या डॉक्टर, मुजावर बाई — बोलायला परखड, हाताला मऊ. सकाळी त्यांनी विचारलं, 'अक्काताई, साडेपाच तास एका जागी का बसलात?' 'वाईच बसले.' 'वाईच? साखर किती खाली गेली होती माहितीये? अजून तासभर गेला असता तर माझ्यापर्यंत आला नसतात!' अक्काताई भिंतीकडं वळल्या.

तेवढ्यात महादेव अण्णांना घेऊन आला. अण्णा खाटेपाशी आले. सलाईनची नळी पाहिली. सुकलेला चेहरा पाहिला. आणि त्या माणसाला भडभडून आलं. बायकोचा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाले —

'तुला असं उन्हात एकटं कुणी सोडलं गं? नाव सांग मला. बघतोच त्याला!'

...

मंडळी! महादेव दाराकडं तोंड करून उभा राहिला. आणि अक्काताई? 'कुणी न्हाई हो. मीच बसले.'

मुजावर डॉक्टरांनी सगळं ऐकलं. महादेवला आणि अण्णांना चहाला पाठवलं, खाटेवर बसल्या. 'किती दिवस चाललंय हे?' आणि मग अक्काताईंचा बांध फुटला. तीन वर्षांचं सगळं बाहेर आलं. कट्टा, झांज, गोळ्या, तात्यांचं नाव, चपला घालून उभं राहणं — सगळं!

डॉक्टर म्हणाल्या, 'तीन वर्षांपूर्वी आणलं असतंत तर खूप काही हातात होतं. आजही थोडं आहे. पण आधी त्यांना खरं सांगा. त्यांचं आहे ते, त्यांना कळायला नको? आणि तुम्ही सांगा. दुसऱ्या कुणी नको.'

चार दिवसांनी अक्काताई घरी आल्या. चार दिवस मनात जुळवत होत्या, कसं सांगायचं. सकाळी अण्णा दारात खुर्ची टाकून बसलेले. त्या समोर जाऊन बसल्या. हळूच म्हणाल्या, 'त्या दिवशी मला बाजारात तुमी सोडलं.'

'आँ?'

जरा मोठ्यानं, 'तुमी सोडलं!'

'काय सोडलं? गाय सोडली?'

आणि मंडळी, त्या बाईला ओरडावं लागलं! तीन वर्षं जे सुनेलाही कळू दिलं नाही, ते भर गल्लीत, तोंडाशी हात लावून ओरडावं लागलं, 'मला उन्हात एकटं तुमी सोडलं! रिक्षात बसून घरला आलासा! तुमाला आटवत न्हाई! तीन वर्सं झाली, तुमाला काई आटवत न्हाई!'

शेजारची दारं उघडली. समोरच्या घरातली बाई केरसुणी घेऊन तशीच उभी. सगळी गल्ली ऐकतेय.

अण्णा खाली मान घालून म्हणाले, 'मला वाटायचं... मलाच कळतंय फकस्त. तुला कळू नये म्हणून मी गप बसायचो.'

हे ऐका! हीसुद्धा झाकतेय, तोही झाकतोय! एका छपराखाली दोघं, तीन वर्षं, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवतायत, आणि तिकडं आजार आपला निवांत वाढतोय!

अण्णा उठले. 'चल. दवाखान्यात ने मला.'

डॉक्टरांनी तपासलं. तीन शब्द दिले. 'अण्णा, लक्षात ठेवा हं — आंबा, खुर्ची, घंटा.' मग वार विचारला, महिना विचारला, आणि पुन्हा म्हणाल्या, 'आता ते तीन शब्द सांगा.' अण्णा आढ्याकडं बघतायत. 'आंबा...' पुढं काही नाही. आणि शेजारी अक्काताईंचे ओठ हलतायत! डॉक्टर म्हणाल्या, 'अक्काताई, तोंड बंद!' बिचारीनं पदराचा बोळा तोंडात धरला. अण्णा हसून म्हणाले, 'हिला येतंय की. हिलाच इचारा.'

कानाची तपासणी झाली, रक्त झालं, डोक्याचा फोटो झाला. डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, उगाच गोड केलं नाही. 'मेंदूचा एक आजार सुरू झालाय, तो मागं फिरत नाही. पण त्याच्याबरोबर बीपीनं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबल्यात, ते इथंच थांबवायचा प्रयत्न करता येईल. कानांना यंत्र लावता येईल. ज्याला ऐकू येत नाही त्याचा मेंदू उपाशी राहतो हो! बोलणं नाही, माणसं नाहीत, मग तो झिजतो. अण्णा, तंबाखू बंद. गोळी रोज. रोज चालायचं. आणि खुर्ची सोडून माणसांत जायचं!'

अण्णांनी विचारलं, 'मग मी बरा हुईन?'

'नाही, अण्णा. पण आहे ते जास्त दिवस टिकेल, असा माझा अंदाज आहे. खात्री नाही देत.'

आणि वळून अक्काताईंना म्हणाल्या, 'तुमची साखर कुणी बघायची? साखर, बीपी, दिवसभर घरात कोंडून घेणं, उद्या तुमच्या मेंदूलाही तेच धोके आहेत. तुम्हीही रोज चालायचं!'

कानाचं यंत्र आलं. आलं म्हणजे काय, भांडण आलं! पहिल्या दिवशी लावलं, आणि शेजारच्या शेडीतला खटाक-खटाक असा घुसला की अण्णा ओरडले, 'काढ ते! काढ!' आठ दिवस हेच. लावायचं, काढायचं, आपटायचं. शोभानं दोनदा जाऊन यंत्राचा आवाज बारीक करून आणला. नवव्या दिवशी यंत्र लावलेलं असताना अक्काताई मागून म्हणाल्या, 'चहा घेता न्हवं?'

अण्णा चमकून वळले. 'अगं, तुझा आवाज असा कधी झाला? म्हातारी झालीस की!'

अक्काताई मला म्हणाल्या, 'म्हाराज, किती वर्सांनी मी त्यांच्याशी वरडल्याबिगर बोलले. हळू बोलायचं मीच इसरले होते.'

पुढं काय? अण्णा कट्ट्यावर गेले. त्या दिवशी उठून गेलेल्या माणसाचा हात धरला आणि म्हणाले, 'तुझ्या भावाचं ऐकू आलं न्हवतं रं मला. हसलो ते चुकलं.' त्यानं सरकून जागा दिली. भजनात मागं बसायला लागले, कधी जुळायचं, कधी नाही. गल्लीला आता सगळं माहीत होतं, म्हणून गल्ली मदतीला आली! अण्णा चौकात चुकलेले दिसले की कुणीही म्हणायचं, 'जॉबर, घर हिकडं!' लाज कुठं राहिली मग? ती तर त्या सकाळच्या ओरडण्यातच गेली होती.

चार वर्षं, मंडळी. चार वर्षं चांगली मिळाली. त्यांत महादेवला मुलगी झाली, अण्णांनी तिला कडेवर घेतलं, तिच्या नावानं हाक मारली. मी गेलो तेव्हा मात्र उतार लागला होता. मुलाचं नाव येत नव्हतं. जेवताना त्यांनी मला तीनदा विचारलं, 'पाव्हणं कुटलं?' आणि अक्काताई तीनही वेळा मोठ्यानं, माझ्यासमोर, सुनेसमोर, हसून म्हणाल्या, 'त्यांना इसर पडतोय म्हाराज. तुमी सांगा पुन्हा.' मी सांगितलं. तीनही वेळा त्यांना तेवढाच आनंद झाला.

म्हणून म्हणतो, माझी वीस वर्षांची शिकवण मी मागं घेतो! अक्काताईंचं मन मायेचंच होतं, पण त्या झाकण्यानं काम वैऱ्याचं केलं. तीन वर्षं गिळली!

आता तुमच्याकडं वळतो. चुळबुळ करू नका! बीपी शेवटचं कधी मोजलं? हेल्मेट डोक्यावर असतं की आरशाला लटकतं? डोकं आपटलं की मेंदूच आपटतो ना! तंबाखूची पुडी ह्या क्षणी किती खिशांत आहे? जास्तीचा टीव्ही, नंबर वाढूनही तोच जुना चष्मा, संध्याकाळची बाटली — कुणाकुणाची नावं घेऊ?

आणि शेवटचा प्रश्न. हा मला सारखा टोचतोय, म्हणून मी आज सकाळपासून येरझाऱ्या घालतोय.

इथं दोनशे माणसं बसलीत. येताना घरी कुणाला ठेवून आलात? 'त्यांना काय ऐकू येतंय', 'त्यांना काय कळतंय', 'चारचौघांत काहीतरी बोलून बसतील' — असं म्हणून कुणाला आत बसवून, दार ओढून आलात?

मावशी, खाली बघू नका. तुम्हीसुद्धा, पागोटेवाले.

आरतीचं ताट तयार आहे, मला दिसतंय. पण आरती आत्ता होणार नाही. देव उभा आहे, त्याला घाई नाही. मीही इथून हलत नाही. उठा, घरी जा, हाताला धरून घेऊन या त्यांना. इथं, पुढं, माझ्यासमोर बसवा.

जा! मी थांबतो.